बारा वर्षांची रेघ

“रंग नाई टाकू देनार,” झिंगूबाई म्हणाल्या आणि माझी बाटली झाकणही न उघडता त्यांनी परत माझ्या हातात ठेवली.

“विषारी नाही तो. दोन दिवसांत निघून जातो. पाणी नुसतं हिरवं दिसतं.”

“हिरवं पानी मी पोरीच्या पोराले पाजू? तू पेशीन?”

“पिईन.”

“तू पेशीन अन् पुन्याले जाशीन. आमाले इथीच राहाचं हाये.”

लच्चू टेकाम हसले. टेकडीवरच्या गुहेपर्यंत आम्हाला वाट दाखवणारे तेच, आणि दरवेळी आमच्या वतीने पोडात बोलणारेही तेच. यावेळी मात्र ते माझ्या वतीने काही बोलले नाहीत.

एप्रिलची नऊ तारीख होती. सकाळी आठालाच ऊन टोचत होतं. पैनगंगेच्या अलीकडच्या चुनखडीच्या टेकाडांमध्ये कोसारी हे वीस-बावीस घरांचं कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला ती गुहा. खालच्या विहिरीत तळाचा चिखल दिसत होता. जीपमध्ये मागे पाण्याचे दोन ड्रम होते. ते मी तालुक्याच्या गावाहून भरून आणले होते, आणि पोडातल्या बायका त्या ड्रमांकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मला कळत होती.

मी सत्तावीस वर्षांची होते आणि माझ्याकडे अकरा दिवस होते. वीस तारखेला आमचा पेपर बाहेरच्या नियतकालिकाला पाठवायचा होता. त्यावर पहिलं नाव माझं होतं, दुसरं माझे मार्गदर्शक डॉ. केळुसकर यांचं. पेपरचा सगळा भार एका रेघेवर होता आणि ती रेघ चुकीची वाचली गेली आहे असं मला वाटत होतं.

गुहेच्या छतातून वर्षभर पाणी ठिबकतं. प्रत्येक थेंब चुन्याचा कणभर अंश खाली ठेवून जातो आणि त्याचा जमिनीवरून वर वाढणारा खांब होतो. वर्षाला एक थर, केसाएवढा. पाऊस चांगला झाला तर थर जाड, कमी झाला तर बारीक. खांब उभा कापला की पाचशे, हजार वर्षांचा पाऊस एकावर एक रचलेला दिसतो. आम्ही कोसारीहून दोन खांब नेले होते, दोन्ही पूर्वी कधीतरी एकाच वेळी उन्मळून आडवे पडलेले. “उभं हाये तोवर हात लावाचा नाई, पडलं तर न्या,” असं तेव्हा झिंगूबाईंनीच सांगितलं होतं. मोठ्याला आम्ही थोरला म्हणायचो, लहानाला धाकटा.

थोरल्याच्या कापात सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या थरांमध्ये एक काळी बारीक रेघ होती. तिथे वाढ थांबली होती. रेघेच्या खालच्या आणि वरच्या थरांचं वय काढलं तेव्हा मधली इतकी वर्षं गायब निघाली: बारा वर्षं. सरांनी ती रेघ पाहिली त्या दिवशी त्यांनी संबंध प्रयोगशाळेला चहा पाजला. दुर्गादेवीचा म्हणून जो बारा वर्षांचा दुष्काळ लोकांच्या तोंडी आहे, त्याच सुमाराची ती रेघ. “थेंबच थांबला, वासंती,” सर म्हणाले. “बारा वर्षं टेकडीत पाणी उतरलं नाही. लोक जे सांगत आले ते दगडात आहे.”

मग मी धाकटा कापला. काप घाईचा होता, थरांची जाडी मोजण्याइतका नितळ नव्हता, पण थर मोजता येत होते. दोन्ही खांबांत पुराच्या मातीचे दोन लालसर थर होते, एक रेघेच्या खाली आणि एक वर. थोरल्यात त्या दोन लाल थरांच्या मध्ये एकतीस थर भरले. धाकट्यात त्रेचाळीस.

म्हणजे थोरल्यावरची बारा वर्षं धाकट्यावर होती. दीड हातावर उभ्या असलेल्या धाकट्यावर पाणी पडत राहिलं होतं.

“धाकट्यावरची छतातली भेग वेगळी असेल,” सर म्हणाले. “खोलवरून येत असेल त्याचं पाणी.”

“असेल किंवा नसेल, सर. बघायला हवं.”

“एप्रिलमध्ये? आपण तिथे नेहमी डिसेंबरात जातो.”

“मला माहीत आहे.”

ऑगस्टमध्ये ते निवृत्त होणार होते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “जा. पण भेगा वेगळ्या निघाल्या तर परत आल्यावर हा हट्ट सोडायचा.”

तपासायचा मार्ग सोपा होता. टेकडीच्या माथ्यावर, गुहेच्या बरोबर वर एक खळगा आहे. त्यात रंगीत पाणी ओतायचं आणि खाली दोन्ही ठिकाणचे थेंब कधी रंगतात ते पाहायचं. एकाच वेळी रंगले तर भेग एक. पण उन्हाळ्यात पोड त्याच थेंबांचं पाणी पितं, हे मला जीपमधून उतरेपर्यंत माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या गुहेवर काम करत होते.

मी बाटली पिशवीत टाकली आणि झिंगूबाईंच्या ओट्यावर बसले. त्यांनी मला बसा म्हटलं नव्हतं. त्या साठीच्या असतील. टोपलीतली मोहाची फुलं निवडत होत्या.

“मीठ चालेल?” मी विचारलं.

“मीठ कायले?”

“मिठाचं पाणी ओतते. माझ्याकडे यंत्र आहे. पाण्यात किंचित मीठ उतरलं तरी त्याला कळतं. तुमच्या जिभेला कळणारही नाही.”

“किती मीठ?”

“दहा किलो.”

त्यांनी टोपलीतून मान वर केली. “दहा किलो मीठ टेकडीले खाऊ घालतं? लच्चू, हे बाई शिकेल हाये ना?”

“लय शिकेल हाये, मामी.”

“दिसतेच.” त्यांनी एक फूल उचलून बाजूला टाकलं. “पयला पेला तू पेशीन. माह्यासमोर.”

“पिईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही माथ्यावर होतो. ड्रम जीपने अर्ध्या वाटेपर्यंत चढले. पुढे पोडातले चार पुरुष आणि आमचा ड्रायव्हर यांनी डब्यांनी पाणी वर नेलं. मी खळग्याच्या काठाशी बसून डब्यात मीठ विरघळवत होते आणि एक एक डबा ओतत होते. कोरडी जमीन पहिले काही डबे आवाज न करता पिऊन गेली. मग तळाशी बुडबुडे आले आणि पाणी फिरून एका फटीत उतरू लागलं.

“आमी पानी खालून वर आनतो,” लच्चू म्हणाले, “अन् तुमी वरून खाली सोडता.”

“तेच पाणी तुम्हाला परत मिळणार आहे, लच्चूभाऊ.”

“खारट करून.”

“थोडंसं.”

“मंग बरं. वरनाले मीठ टाकाचं काम वाचलं.”

आठ वाजता मी गुहेत उतरले. आत शिरताना वाटेत तीन मडकी एका कडेला ओळीने लावून ठेवलेली दिसली. माझ्यासाठी जागा मोकळी करून दिली होती हे मला कळलं, पण मडकी कुठून उचलली ते मी विचारलं नाही. माझं लक्ष वर होतं. थोरल्यावर आणि धाकट्यावर ज्या दोन जागांतून पाणी पडायचं, त्या दोन्हीखाली मी काचेची भांडी ठेवली, कंदील लावला आणि दर अर्ध्या तासाने यंत्राची दांडी एकात आणि मग दुसऱ्यात बुडवून आकडे वहीत उतरवू लागले.

बारापर्यंत आकडे हलले नाहीत. लच्चू भाकरी घेऊन आले, सोबत बसले, डुलकी काढून उठले.

“नाई आलं तर?” त्यांनी विचारलं.

“उद्यापर्यंत थांबायचं.”

“उद्या बी नाई आलं तर?”

“परवा.”

“अन् आलं तर काय होते?”

मी जरा विचार करून म्हणाले, “तर माझा पेपर पडतो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “म्हंजे तुमी सोताच्याच पायावर धोंडा पाडाले दहा किलो मीठ घेऊन आले?”

मला हसू आलं. “तसंच म्हणा.”

सव्वातीनला थोरल्याखालच्या भांड्यातला आकडा चार घरं वर सरकला. मी दांडी पुसून धाकट्याच्या भांड्यात बुडवली. तिथेही चार. साडेतीनला नऊ आणि नऊ. चारला एकवीस आणि वीस. सहापर्यंत दोन्ही आकडे जोडीनं चढत गेले. मी ते वहीत दोन स्तंभांत लिहिले आणि खाली रेघ मारली. भेग एकच होती. थोरल्यावर बारा वर्षं पाणी न पडता धाकट्यावर पडत राहणं शक्य नव्हतं. छतातून पाणी दोन्हीकडे येत होतं. तरीही थोरला वाढला नव्हता. का, ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात झिंगूबाई दोन सुनांना घेऊन आत आल्या. त्यांनी आपला जर्मनचा पेला थोरल्याच्या जागेखाली धरला आणि अर्धा भरल्यावर माझ्यापुढे केला. मी प्यायले. मग त्यांनी उरलेलं पाणी स्वतः चाखलं.

“खारट नाई,” त्या म्हणाल्या. त्यात थोडी निराशा होती असं मला वाटलं. “झालं तुहं?”

“झालं.”

“मंग काच उचल.”

मी भांडी उचलली. थोरला जिथून पडला होता त्याच्या लगतच एक रुंद, चपट्या माथ्याचा खांब आहे. थोडं पाणी त्यावरही पडतं. एका सुनेने कडेचं मडकं आणून त्या माथ्यावर ठेवलं, दोन बोटांनी जरासं फिरवलं, आणि ते बसलं. कपाटात खण बसावा तसं. थेंबाचा आवाज बदलला.

“ते मडकं नेहमी तिथंच ठेवता?” मी विचारलं.

“मंग कुठी ठेवाचं? थेंब तिथीच पडते.”

“जरा उचलता का?”

“आता तर ठेवलं.”

“एकदाच, झिंगूबाई.”

त्यांनी सुनेकडे बघून मान हलवली. मडकं उचललं गेलं. मी कंदील जवळ नेला. खांबाच्या माथ्यावर मधली जागा मळकट, गुळगुळीत होती, दिव्यांची काजळी बसलेली. तिच्याभोवती चुन्याचं एक कडं उठलेलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढ्या उंचीचं. मडकं भरून वाहिलं की पाणी त्याच्या अंगावरून ओघळून तिथे साचायचं आणि तेवढाच चुना तिथे बसायचा. मडक्याखाली काहीच बसायचं नाही.

थोरल्याच्या कापात, काळ्या रेघेच्या दोन्ही टोकांना, दोन लहान उंचवटे होते. मी त्यांना शिंगं म्हणायची. सरांच्या मते करवत तिथे अडकली असावी.

मी टेप काढून कड्याची रुंदी मोजली. सोळा सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. दुसऱ्यांदा मोजली, आडव्या दिशेने. सोळा आणि तीन. आकडे लिहून मी टेप पुन्हा कड्यावर धरला.

“काय झालं वो?” लच्चूंनी विचारलं.

“इथे पूर्वीही कोणीतरी मडकं ठेवलं होतं. सहाशे वर्षांपूर्वी.”

“ठेवलंच असंन,” झिंगूबाई म्हणाल्या. “तहान का आता निंगाली?”

“तुम्ही ते वर्षभर ठेवता?”

“वर्षभर कायले? होळी झाली का ठेवाचं, पानी पडलं का उचलाचं. पावसाळ्यात नाला वायते. पावसाळ्यात कोन चढते इथी मडकं पायाले?”

“आणि कोणी पावसाळ्यातही ठेवलं असेल तर? पावसाळ्यापुरतं जरी उचललं असतं, तरी थोरल्यावर बारीक थर बसला असता.”

त्यांनी सुनेला मडकं परत ठेवायला खुणावलं. मग म्हणाल्या, “तर नाला नसंन वायला.”

चौदा तारखेला मी सरांच्या खोलीत होते. टेबलावर पेपरची बांधलेली प्रत होती, वर नियतकालिकाचा पत्ता टंकलेला. मी मिठाचे दोन स्तंभ त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते वाचले आणि परत वाचले. मग मी कड्याबद्दल सांगितलं. ते उठले, कपाटातून थोरल्याचा काप काढला, पट्टी घेतली आणि दोन शिंगांमधलं अंतर स्वतः मोजलं.

“पंधरा आठ,” ते म्हणाले.

“मडकी थोडी लहान असतील तेव्हा.”

“काळी रेघ ही काजळी आहे, म्हणजे.”

“तपासावं लागेल. पण तसं दिसतंय.”

ते खुर्चीत बसले. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

“त्या बाई काय म्हणाल्या? पुन्हा सांग.”

मी सांगितलं. मला ते लपवता आलं असतं. पण तिथे जे ऐकलं होतं, त्यातलं निम्मं सांगणं मला जमलं नसतं. अपेक्षेप्रमाणे सरांचा चेहरा उजळला.

“मग झालंच की, वासंती. बारा वर्षं पावसाळ्यातसुद्धा मडकं उचललं नाही, म्हणजे बाहेर पाणी नव्हतं. निष्कर्ष तोच. कारण तेवढं बदलायचं. एक परिच्छेद. उद्या लिहून होईल.”

“नाही, सर.”

“का नाही?”

“मडकं कोणी ठेवलं ते आपल्याला माहीत नाही. कोणी लपून राहिलं असेल. एखादा बैरागी बारा वर्षं राहिला असेल.”

“बैरागी!”

“नसेलच असं सांगा, मग मी लिहिते.”

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, सरळ केली. “तुला काय लिहायचं आहे?”

“थोरल्याची ती बारा वर्षं पावसाचा पुरावा म्हणून वापरायची नाहीत. पाऊस धाकट्यात आहे. त्याच्यावर मडकं नव्हतं. त्याचे नितळ काप करायचे आणि त्या बारा थरांची जाडी मोजायची.”

“त्याला किती लागेल?”

“वर्ष. जास्तही.”

“मी ऑगस्टमध्ये जातो.”

“मला माहीत आहे, सर.”

“तुझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते.”

“तेही माहीत आहे. मी शिकवणी धरेन.”

“पहिलं नाव तुझं आहे. तुझ्या सहीशिवाय पेपर जात नाही.”

“मी सही करणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत. बांधलेली प्रत त्यांनी खणात टाकली आणि खण बंद केला. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं घेतली गेली. माझं नाव त्यांनी शेवटी घेतलं आणि त्यापुढे काही जोडलं नाही.

धाकट्याला चौदा महिने लागले. त्यातला डिसेंबरपुढचा सगळा काळ मी सकाळी अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची आणि दुपारी प्रयोगशाळेत बसायची. काप इतका पातळ करावा लागतो की त्यातून उजेड जावा. दोन काप फुटले, तिसरा साधला. थोरल्यातली रेघ खालच्या लाल थरापासून नऊ थर सोडून होती, म्हणून धाकट्यातले दहावा ते एकविसावा असे ते बारा थर मी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजले, मागची वही न बघता. तिन्ही वेळा आकडे जुळले तेव्हा मी सरांना फोन केला. येतील असं वाटलं नव्हतं.

ते दुसऱ्याच दिवशी आले. दारात चपला काढल्या, पूर्वी काढायचे तशा. सूक्ष्मदर्शकाशी माझ्या जागेवर बसले, आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, “आकडे सांगू नकोस. मला मोजू दे.”

त्यांचं मोजून होईपर्यंत मी मागे उभी राहिले. ओठ हलत होते.

“पहिले सात बारीक,” ते म्हणाले. “नेहमीच्या निम्मेही नाहीत.”

“हो.”

“म्हणजे सात वर्षं पाऊस फार कमी. पण अगदी नाही असं नाही.”

“एकही वर्ष कोरडं नाही.”

“मग आठव्यापासून जाड.” त्यांनी डोळा उचलला नाही. “आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. हे पाच चांगले जाड आहेत, वासंती. दुष्काळाच्या आधीच्या वर्षांसारखेच. पाऊस आला होता.”

“पाच वर्षं पूर्ण पाऊस आहे.”

“आणि मडकं?”

“मडकं बाराव्या वर्षापर्यंत तिथंच आहे. थोरल्यावर त्या पाचांतलं एकही वर्ष नाही.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुन्हा लावला.

“नाला वाहत होता,” ते हळू म्हणाले. “पाच पावसाळे भरून वाहत होता. तरी कोणीतरी ते मडकं काढलं नाही.”

का काढलं नाही, हे थरांत लिहिलेलं नसतं, आणि प्रबंधातही मी ते लिहिलं नाही. तिथे फक्त बारा जाड्या आहेत, मिलिमीटरच्या तिसऱ्या घरापर्यंत.

सरांनी कापाची काच किंचित मागे सरकवली, खालचा लाल थर परत नजरेखाली आणला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.